चंदेरी केसांचा हिशोब: गेममधलं घराणं चेहऱ्यावरून ओळखू कसं येतं?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी तीनदा 'म्हणजे बघा' म्हटलेलं यातून काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगते, गेम ऑफ थ्रोन्स आणि हाऊस ऑफ द ड्रॅगन या दोन्हींचे स्पॉयलर आहेत. ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर पुढे या.

विषय असा: क्रूसेडर किंग्स थ्री नावाचा गेम आहे. पॅराडॉक्स कंपनीचा, २०२० साली आला. यात तुम्ही एखादा राजा नसता, एक अख्खं घराणं असता. राजा मेला की त्याचा वारस तुमच्या हातात येतो, तो मेला की त्याचा. लढाया आहेतच, पण खरा खेळ लग्नं, मुलं, भाऊबंदकी आणि वारसाहक्क यांचा. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाड्याची गोष्ट घ्या, त्यात सैन्य घाला, झाला गेम. आणि याच गेमवर चाहत्यांनी फुकटात काम करून 'अ गेम ऑफ थ्रोन्स' नावाचा मॉड बनवलाय, ज्यात युरोपऐवजी वेस्टेरॉसचा नकाशा येतो. गेमच्या आधीच्या आवृत्तीवरही असाच मॉड होता.

आता अशा मॉडमध्ये ड्रॅगन कसे उडवले, नकाशा कसा काढला, याबद्दल खूप लोक बोलतात. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीने झपाटलंय: केस. टार्गेरियन घराण्याचे केस चंदेरी, डोळे जांभळे. बराथियन काळ्या केसांचे. लॅनिस्टर सोनेरी. स्टार्क तपकिरी केसांचे, राखाडी डोळ्यांचे. ही नुसती सजावट नाही हो. पहिल्या पुस्तकातलं, १९९६ सालच्या, अख्खं रहस्यच केसांवर उभं आहे. नेड स्टार्क एक जाडजूड वंशावळीचं पुस्तक चाळतो आणि त्याच्या लक्षात येतं, की बराथियन आणि लॅनिस्टर यांचं जेव्हा जेव्हा लग्न झालं तेव्हा मूल काळ्या केसांचंच झालं. मग राजा रॉबर्टची तिन्ही मुलं सोनेरी कशी? त्या एका प्रश्नातून त्याचं डोकं उडतं आणि पाच राजांचं युद्ध पेटतं.

म्हणजे मॉड बनवणाऱ्याच्या कोडमध्ये केसांचा वारसा नीट चालला नाही, तर गोष्टच चालत नाही. मी त्या मोठ्या मॉडच्या टीममध्ये नाही. पण सुट्टीच्या दिवशी स्वतःचा एक छोटा मॉड करते, त्यात माझं एक काल्पनिक चंदेरी घराणं आहे, त्यामुळे हे प्रश्न मला रोज भेटतात.

आधी गेम स्वतः काय करतो ते बघू. क्रूसेडर किंग्स थ्रीमध्ये प्रत्येक पात्राला डीएनए असतो. खराखुरा नाही, पण कल्पना तीच. हनुवटी किती पुढे, जबडा किती रुंद, नाक कसं, डोळ्यांमधलं अंतर किती, अशी भरपूर जनुकं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती: एक प्रभावी, एक अप्रभावी. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या धड्यात हे दोन शब्द तुम्ही पाठ केलेत. प्रत्येक प्रतीला एक साचा आणि ० ते २५५ मधला एक आकडा. ० आणि २५५ का? कारण तेवढं एका बाइटमध्ये मावतं. पडद्यावर दिसतो तो प्रभावी प्रतीचा आकार. अप्रभावी प्रत गुपचूप पुढे सरकते आणि नातवाच्या नाकावर उगवते. 'नाक अगदी आजोबांवर गेलंय' हे बारशाला येणाऱ्या प्रत्येक बाईचं वाक्य गेममध्ये अक्षरशः खरं होतं, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

रंगाचं प्रकरण वेगळं. केस, डोळे आणि त्वचा यांच्यासाठी गेममध्ये रंगांच्या पट्ट्या आहेत. पट्टी म्हणजे एक साधं चित्र: एका कोपऱ्यात फिकट, दुसऱ्यात गडद, मध्ये लालसर, पिंगट वगैरे. पात्राच्या डीएनएमध्ये रंग नसतो, त्या चित्रावरचा पत्ता असतो. आडवं किती, उभं किती. टिळकांच्या पुतळ्यापासून डावीकडे तिसरी गल्ली, तसं. जांभळा डोळा हवा असेल तर तो रंग आधी त्या चित्रात असावा लागतो. नसेल तर चित्रच बदला.

हे पत्त्याचं लक्षात ठेवा, कारण गडबड इथेच होते. आईचा पत्ता चंदेरी, बाबांचा पत्ता काळा. मुलाला दोन्हींच्या मधला पत्ता दिला, तर मधल्या गल्लीत कोण राहतं? पट्टी कशी रंगवली आहे त्यावर ते अवलंबून. कदाचित तपकिरी, कदाचित लालभडक. दोन रंगांच्या मधला रंग आणि दोन पत्त्यांच्या मधला पत्ता, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफिक्सचं काम केलेल्या कोणालाही हे चटकन पटेल.

पण समजा पट्टी नीट रंगवली. तरीही मिसळण्यात एक मूळचा घोटाळा आहे, आणि तो गेमपेक्षा खूप जुना आहे. डार्विनच्या काळात बहुतेक लोक असंच समजायचे की आई-बाबांचे गुण मुलात दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात. १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन नावाच्या माणसाने डार्विनच्या पुस्तकावर परीक्षण लिहिलं आणि नेमकं यावर बोट ठेवलं. गुण असे मिसळत गेले तर कुठलाही नवा गुण काही पिढ्यांत विरघळून जाईल, मग निसर्ग निवडणार तरी काय? हा जेन्किन जीवशास्त्रज्ञ नव्हता बरं का. इंजिनिअर होता, समुद्राखालून टेलिग्राफच्या तारा टाकायचा. आमच्या जमातीचा माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्याचा हिशोब माझ्या घराण्याला लावा. शुद्ध चंदेरी राणी, बाहेरचा नवरा. मुलात चंदेरीपणा अर्धा. त्याचं लग्न पुन्हा बाहेर, नातवात पाव. पुढे आठवा, सोळावा, पाचव्या पिढीत बत्तिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे तीन टक्के. गेम सहज दोन-तीनशे वर्षं चालतो, म्हणजे दहा-बारा पिढ्या. मिसळणारा वारसा ठेवला तर खेळ अर्ध्यावर येईपर्यंत सगळं वेस्टेरॉस एकाच पिंगट रंगाचं. घराणी आहेत, नावं आहेत, झेंडे आहेत, चेहरे मात्र सगळे सारखे. खाण तशी माती म्हणायचं तर खाणीच शिल्लक नाहीत.

यावरचं उत्तर जेन्किनच्या परीक्षणाच्या आधीच छापून आलं होतं, १८६६ मध्ये. ग्रेगर मेंडेल आणि त्याचे वाटाणे. गुण मिसळत नाहीत, ते सुटे दाणे असतात. झाकले जातात, नष्ट होत नाहीत. १९०० सालापर्यंत त्याकडे फारसं कोणी पाहिलंच नाही, ते सोडा.

तर मेंडेल लावू. एकच जनुक, काळा प्रभावी, चंदेरी अप्रभावी. दोन्ही प्रती चंदेरी असल्या तरच केस चंदेरी. आता पुस्तकांशी ताडून बघा, कितीतरी गोष्टी मस्त जुळतात. राजकुमारी रेनिस ही चंदेरी बापाची आणि काळ्या केसांच्या बराथियन आईची मुलगी. पुस्तकात तिचे केस काळे. म्हणजे एक प्रत काळी, एक चंदेरी. तिचं लग्न कॉर्लिस व्हेलारियनशी, जो चंदेरी. प्रत्येक मुलाची चंदेरी होण्याची शक्यता निम्मी, आणि लेना आणि लेनॉर दोघंही चंदेरी. चारात एकदा असं घडेल, काही वावगं नाही.

टार्गेरियन भाऊ-बहिणीत लग्न का लावतात, तेही इथे कळतं. गोष्टीत कारण ड्रॅगनचं रक्त शुद्ध ठेवण्याचं दिलंय, पण मेंडेलच्या भाषेत ती अप्रभावी गुण राखण्याची एकमेव खात्रीची युक्ती आहे. त्याची किंमतही गणितात दिसते. आपल्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, तिला अंतःप्रजनन गुणांक म्हणतात. मामेबहीण-आतेभावाच्या मुलात, जे लग्न आपल्याकडे कित्येक समाजांत रीतसर होतं, तो ०.०६२५. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मुलात ०.२५. असंच पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवलं तर ०.३७५, मग ०.५, चौथ्या पिढीत ०.५९. केस चंदेरी राहतात, आणि त्यांच्यासोबत लपलेले सगळे आजारही बाहेर येतात.

हे काल्पनिक नाही. स्पेनचा दुसरा कार्लोस, १६६१ ते १७००, हॅब्सबर्ग घराण्याचा शेवटचा स्पॅनिश राजा. त्याचे आई-वडील मामा-भाची. पण त्याआधीच्या पिढ्यांतही तसंच चाललं होतं, त्यामुळे २००९ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी वंशावळीवरून त्याचा गुणांक काढला तो ०.२५४ निघाला. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मुलापेक्षाही किंचित जास्त! घराण्याचा स्पॅनिश मूळपुरुष पहिला फिलिप, त्याचा ०.०२५ होता. आणि चेहऱ्याचं म्हणाल तर हॅब्सबर्ग जबडा प्रसिद्धच आहे, खालचा जबडा पुढे आलेला. २०१९ मध्ये एका अभ्यासात दहा सर्जननी घराण्यातल्या १५ जणांची ६६ जुनी तैलचित्रं तपासून तो जबडा मोजला, आणि गुणांक जास्त तिथे जबडाही जास्त पुढे, असा संबंध सापडला. तैलचित्रं म्हणजे त्या काळचे पोर्ट्रेट स्क्रीनच की! मला तर हा जगातला पहिला क्रूसेडर किंग्सचा बग रिपोर्ट वाटतो.

परत केसांकडे. एका जनुकाचा मेंडेल सगळं सोडवतो का? नाही. राजा दुसरा डेरॉन चंदेरी, त्याची राणी मारिया मार्टेल डॉर्नची. त्यांचा थोरला बेलॉर आईसारखा काळ्या केसांचा, पण मेकारसारखे धाकटे चंदेरी. हे जमायला मारियाकडे चंदेरीची एक लपलेली प्रत हवीच. डॉर्नमध्ये डेन घराणं आहे, त्यांच्यात फिकट केस आणि जांभळे डोळे अधूनमधून दिसतात, त्यामुळे तिथून आली म्हणा. ठीक आहे, ओढूनताणून जमतं. पण बेलॉरच्या मुलाचं काय करायचं? व्हॅलारचे केस तपकिरी, आणि त्यात एक चंदेरी-सोनेरी बट! हे मेंडेललाही जमत नाही आणि मिसळण्यालाही.

आणि मग रॉबर्टची केस, केस दोन्ही अर्थांनी. रॉबर्टच्या बापाची आई रेल, ती टार्गेरियन. ती चंदेरी धरली, तर बापाकडे एक चंदेरी प्रत नक्की आणि रॉबर्टकडे असण्याची शक्यता निम्मी. आता तीन प्रती मानू: काळा सगळ्यांवर भारी, सोनेरी मधला, चंदेरी सगळ्यात दबलेला. रॉबर्टकडे चंदेरी प्रत असेल तर सर्सीपासून त्याला होणाऱ्या मुलांपैकी निम्मी सोनेरी होऊ शकतात. कायदेशीर, शंभर नंबरी त्याचीच! तिन्ही सोनेरी होण्याची शक्यता आठात एक. म्हणजे नेडचा पुरावा वाटतो तितका पक्का नाही.

पण मग रॉबर्टची अनौरस मुलं येतात. माया, गेंड्री, एडरिक, छोटी बारा. सगळी काळ्या केसांची. गेंड्रीच्या आईचे केस पिवळे होते. इतरांच्या आयाही हलक्या केसांच्या होत्या असं धरलं, तर रॉबर्टकडे लपलेली प्रत असती तर प्रत्येक मुलागणिक नाणं उडवून छापाच पडल्यासारखं झालं. चार मुलं, म्हणजे सोळात एक. सुरुवातीचा निम्म्याचा अंदाज या पुराव्याने सतरात एकवर येतो. त्याला आठने भागा: १३६ मध्ये एक. रॉबर्टच खरा बाप असून तीन सोनेरी मुलं होण्याची ही शक्यता. नेड अनौरस मुलं शोधत हिंडत होता तो उगाच नाही. वंशावळीच्या पुस्तकापेक्षा लोहाराकडचा तो पोरगा जास्त मोठा पुरावा होता.

आता खरा पेच. हाऊस ऑफ द ड्रॅगन. रेनिरा चंदेरी, तिचा नवरा लेनॉर चंदेरी, आणि तिची तिन्ही मुलं तपकिरी केसांची. दरबारात हार्विन स्ट्रॉंग नावाचा तपकिरी केसांचा तगडा गडी. पुस्तकात रेनिराच्या बाजूच्यांना म्हणायला एक जागा आहे: लेनॉरची आई रेनिस काळ्या केसांचीच होती ना, मग नातवंडं तिच्यावर गेली! मालिकेत ही जागाच काढून टाकलीय. तिथे रेनिसचे केस चंदेरी आहेत आणि कॉर्लिस कृष्णवर्णीय आहे, त्यामुळे गोरी, तपकिरी केसांची मुलं बघून कोणालाच शंका उरत नाही. फक्त बोलायची हिंमत कोणाची, एवढाच प्रश्न.

एका जनुकाच्या मेंडेलमध्ये पुस्तकातली जागाही बंद होते. रेनिरा चंदेरी म्हणजे दोन्ही प्रती चंदेरी. लेनॉर चंदेरी, त्याच्याही. मुलं शंभर टक्के चंदेरी. काळी आजी असो नाहीतर नसो, तिची काळी प्रत लेनॉरपर्यंत पोचलेलीच नाही. म्हणजे माझ्या मॉडमध्ये एक मूल तपकिरी जन्मलं की निकाल लागला. आईला फाशी, मुलाचा हक्क गेला, आणि हे सगळं एका चित्रावरच्या पत्त्यावरून.

मला ते नको होतं. का, ते सांगते. आमच्या नात्यात एक मुलगी आहे, घाऱ्या डोळ्यांची. आई-बाबा दोघांचे डोळे काळेभोर. तिच्या आईला कितीतरी वर्षं 'गमतीत' ऐकावं लागलं: कोणावर गेली गं ही? दवाखान्यात अदलाबदल झाली वाटतं! हसून म्हणायचे सगळे, आणि तीही हसायची. पुढे कधीतरी कळलं की मुलीच्या पणजीच्या माहेरी दोघं-तिघं घारे होते. आणि तसं कळलं नसतं तरी काय? दोन काळ्या डोळ्यांच्या माणसांना फिकट डोळ्यांचं मूल होणं यात काहीच विचित्र नाही, दोघांकडे लपलेली प्रत असली की झालं. खरं तर खऱ्या माणसांत डोळ्यांचा आणि केसांचा रंग एकाच जनुकावर ठरतच नाही, अनेक जनुकं मिळून ठरवतात. तो शाळेतला चौकटींचा तक्ता शिकवण्यापुरता ठीक. तो तक्ता घेऊन कोणी कोणाच्या बायकोकडे बघू नये.

म्हणून माझ्या मॉडमध्ये मी चंदेरी केसांना तीन जनुकं दिली. तीन जनुकं, प्रत्येकी दोन प्रती, एकूण सहा घरं. सहापैकी पाच किंवा सहा घरांत चंदेरी असेल तर केस चंदेरी दिसतात, नाहीतर नाही. एवढ्या छोट्या बदलाने काय होतं बघा. पूर्ण चंदेरी आणि पूर्ण काळा यांचं मूल तीन घरांचं, म्हणजे काळं. त्या मुलाचं लग्न पुन्हा चंदेरी घरात झालं तर निम्मी मुलं चंदेरी, एका जनुकासारखंच. पण अशा दोन तीन-घरी माणसांचं लग्न झालं तर चंदेरी मूल चौसष्टात सात वेळा, सुमारे ११ टक्के. एका जनुकात हेच २५ टक्के असतं. म्हणजे हरवलेला चंदेरीपणा परत येतो, पण दुर्मीळपणे. खेळणाऱ्याला ते बघून 'अरे वा!' वाटावं इतपत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता चंदेरी माणसाच्या पोटातही एक काळी प्रत लपू शकते. लेनॉर पाच घरांचा असेल, आईकडून एक काळी घेऊन. रेनिराची आई एमा ही ॲरिन, म्हणजे बाहेरच्या घराण्यातल्या बापाची. मग रेनिराही पाच घरांची असू शकते. दोघांनी आपापली काळी प्रत दिली तर मूल चार घरांचं, काळसर. शक्यता चारात एक. तिन्ही मुलं तशी होण्याची, चौसष्टात एक. शून्य नाही! पहिल्या मुलाला आई खात्रीने म्हणू शकते की आजीवर गेलाय. दुसऱ्याला आवाज जरा बसतो. तिसऱ्याला दरबार ऐकून घेतो आणि एकमेकांकडे बघतो. मला हवा होता तो हाच उतार.

कोडमध्ये हे कसं बसवायचं? गेमच्या रंगाच्या जनुकांना असा मोजणीचा नियम शिकवता येत नाही. पण गेममध्ये जन्माच्या क्षणी चालणारी स्क्रिप्ट लिहिता येते, आणि त्या क्षणी दोन बाप हाताशी असतात: एक बाप, एक खरा बाप. हो, इंजिनमध्ये खरोखर असे दोन वेगळे रकाने आहेत. नाव आणि वारसाहक्क पहिल्याकडून, रक्त दुसऱ्याकडून. माझी स्क्रिप्ट आई आणि खरा बाप यांच्या सहा-सहा घरांतून प्रत्येकी तीन उचलते आणि मुलावर गुप्त आकडे म्हणून लिहून ठेवते. मग दिसण्याचं काम पोर्ट्रेट मॉडिफायर करतो. तो डीएनएला हात लावत नाही, फक्त पडद्यावर वरून रंग चढवतो, गेम कपडे आणि मुकुट जसे चढवतो तसा. आत काय आहे आणि बाहेर काय दिसतं, या दोन गोष्टी अशा वेगळ्या ठेवल्या की निम्मी डोकेदुखी कमी होते. एक गंमत राहतेच: म्हातारपणी सगळ्यांचेच केस पांढरे होतात, त्यामुळे साठीच्या पुढे माझ्या नकाशावरचा प्रत्येक शेतकरी राजवंशाचा दिसतो. त्यावर इलाज नाही, आणि मला तो नकोही आहे.

गेममध्ये मुळात काही गुण असे आहेतच जे वारशाने येतात आणि लपूनही राहतात. सौंदर्य, बुद्धी, शरीरयष्टी. अंगात सुप्त असतात, दिसत नाहीत, पुढच्या पिढीत जागे होतात. अनेक मॉडर घराण्याचा चेहरा असाच एखादा गुण बनवून भागवतात. सोपं आहे, वेगाने चालतं. फक्त गुण असतो किंवा नसतो. बारीक छटा त्यात मिळत नाहीत.

शेवटचा भाग सगळ्यात अवघड होता, आणि तो केसांचा नव्हताच. गेममधल्या पात्रांना डोळे नसतात. तुम्ही पडद्यावर बघून 'हा तर स्ट्रॉंगांचा पोरगा' म्हणाल, पण शेजारचा लॉर्ड ते चित्र बघत नाही. त्याच्यासाठी कुजबुज सुरू करणारा नियम मलाच लिहायचा. सोपा नियम: आई चंदेरी, कागदावरचा बाप चंदेरी, मूल काळं, तर संशय.

हा नियम चालवण्याआधी मी वहीत एक हिशोब मांडला. समजा पाच चंदेरी माणसांत एकाकडे लपलेली काळी प्रत आहे. दोघंही तसे असण्याची शक्यता पंचविसात एक. त्यांची चारात एक मुलं काळी. म्हणजे शंभर मुलांत एक मूल निर्दोष असून काळं. आणि समजा दरबारात शंभरात एकच मूल खरोखर बाहेरच्या काळ्या केसांच्या माणसाचं आहे. मग संशयाच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी निम्मी निर्दोष! नियम जितका 'स्वाभाविक' वाटतो तितकाच तो आंधळा आहे.

मग मी नियम असा ठेवला: एका मुलावर काहीच नाही. दुसऱ्या काळ्या मुलानंतर कुजबुज, तीही फक्त ज्याला त्यातून फायदा आहे अशाच पात्राच्या तोंडी. काका, सावत्र भाऊ, दुसऱ्या राणीचा बाप. आणि घराण्यात मागच्या तीन पिढ्यांत काळ्या केसांचं कोणी असेल, तर आईला एक उत्तर उपलब्ध होतं, ज्यात तिने त्या पूर्वजाचं नाव घ्यायचं. ते उत्तर चाललं तर कुजबुज दहा वर्षं थंड. नाव घ्यायला पूर्वज माहीत असावा लागतो, म्हणून आता खेळणारे आधी शंभर वर्षांच्या वंशावळी चाळत बसतात, कुठली पणजी कुठून आली होती ते शोधत. एकाने मला विचारलं, की समोरच्याच्या पोटात किती काळ्या प्रती आहेत हे दाखवणारं बटण देशील का? नाही देणार.

फाइल हवी असेल त्यांनी कळवा, पुढच्या आठवड्यात व्हॅलारच्या त्या चंदेरी बटेचं काहीतरी जमवून मग एकदमच पाठवते. एका डोक्यावर दोन पट्ट्यांवरचे दोन पत्ते कसे लावायचे, यावर सध्या अडकलेय.